दात काढलेला रिमोट

डॉ. भूपाल खोत गेल्याची बातमी मला साताऱ्यात, कॉलेजच्या ऑफिसातल्या फोनवर कळली. फोन सांगलीहून दिलीप कांबळेंचा होता. कांबळे टेलिफोन खात्यातले, आणि तरीही त्यांचा फोन कधी धड ऐकू येत नाही, हा आमच्यातला जुना विनोद. त्या दिवशी मात्र अक्षर न् अक्षर स्वच्छ ऐकू आलं. "सर, डॉक्टर गेले. दुपारी दवाखान्यातनं जेवायला घरी आले, खुर्चीत टेकले, आणि... टेकलेच." मी काहीतरी विचारलं असावं, कारण ते म्हणाले, "न्हाई ओ, आजारी कुठले? संध्याकाळचे पेशंट बोलावलेले होते की." माझ्या मागे दोन कारकून पंख्याच्या वेगावरून भांडत होते. मी फोन ठेवला आणि त्यांना पंखा बंद करायला सांगितलं. 

त्याच आठवड्यात हा लेख लिहायला घेतला असता तर तो फार देखणा झाला असता. त्यात गुरू असता, शिष्य असता, निळंभोर आकाश असतं आणि शेवटी एक पिवळं विमान क्षितिजापलीकडे गेलं असतं. अशा लेखांत विमानं आणि पक्षी नेहमी क्षितिजापलीकडे जातात. मी ज्यांच्याबरोबर विमानं उडवली त्यांच्या मते क्षितिजापलीकडे गेलेलं विमान म्हणजे हरवलेलं विमान, आणि ते शोधायला कुणाच्या तरी उसात शिरावं लागतं. मधल्या काही आठवड्यांत मला एक गोष्ट कळली आहे, त्यामुळे लेख देखणा होणार नाही. माझा डॉक्टरांवर राग आहे. गेलेल्या माणसावर रागावण्यात मोठी गैरसोय अशी, की तो आपली बाजू मांडायला येत नाही. अर्थात डॉक्टर जिवंतपणीही समोरच्याच्या तोंडात आरसा घालून मगच बोलत. दंतवैद्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिलेला नाही.

ओळख झाली तीही दाढेमुळे. नव्वदच्या आसपास मी सांगलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो. दाढ ठणकायला लागली म्हणून विश्रामबागेतल्या दवाखान्यात गेलो. रुंद खांद्यांचा, जाड चष्म्याचा माणूस माझ्यावर वाकला आणि म्हणाला, "आ करा. नुसतं बघतो." पुढच्याच क्षणी हिरडीत काहीतरी टोचलं. मी डोळे मोठे केले. "अजून नुसतं बघतोयच की," ते म्हणाले, आणि भिंतीवर टांगलेल्या एका लाकडी पंखाची गोष्ट सांगू लागले. खेळण्यातल्या नव्हे, उडणाऱ्या विमानाचा पंख. बाल्सा नावाचं लाकूड, पापडासारखं हलकं, त्यावर पातळ पिवळं आवरण. मी पंखाकडे बघत राहिलो आणि माझी दाढ ट्रेमध्ये पडल्याचा आवाज आला. जीभ थोडी वळायला लागल्यावर मी म्हणालो, "तुम्ही नुसतं बघतो म्हणाला होतात." डॉक्टर हात धूत होते. "आवं सर, काढतो म्हणालो असतो तर तुमी तोंड उघडलं असतं का?" मी हसलो. तेव्हा मला ते फारच आवडलं. इतकं, की पुढच्याच रविवारी सकाळी मी त्यांच्या मारुती व्हॅनमध्ये, एका पंखाला मांडीवर घेऊन, कवलापूरला निघालो होतो.

कवलापूरची धावपट्टी सांगलीकरांना माहीत आहे. खरं विमान तिथं उतरलेलं पाहणारा माणूस शोधावा लागतो. शेळ्या, वाळत घातलेली धान्यं आणि मोटार शिकणारे नवरे मात्र रोज उतरतात. तिथं दर रविवारी दहाबारा प्रौढ पुरुष जमत. कुणी वकील, कुणी मिरजेचा सतार बनवणारा, कुणी कांबळेंसारखा टेलिफोनमधला. प्रत्येकाजवळ हातभर लांबीचं विमान आणि छातीशी धरायचा रिमोट. इंधन म्हणून मिथेनॉल आणि एरंडेल यांचं मिश्रण. त्याचा जळका वास सोमवारच्या तासापर्यंत माझ्या शर्टाला असायचा. डॉक्टर या सगळ्यांचे मुखिया. त्यांचे नियम होते आणि ते नियम सैल करून घेणारा कुणी जन्मला नव्हता. पंखा फिरत असताना त्याच्या समोर उभं राहायचं नाही. वाऱ्याकडे तोंड करूनच उडवायचं आणि उतरवायचं. माणसांच्या डोक्यावरून विमान न्यायचं नाही, मग ते डोकं कितीही रिकामं का असेना. चुका वर करायच्या, खाली त्यांना जागा नसते. आणि सगळ्यांत मोठा नियम: विमान हवेत असताना नजर त्याच्यावरून काढायची नाही. क्षणभर दुसरीकडे बघितलं की वर नुसता ठिपका राहतो, तो येतोय की जातोय हे परमेश्वरालाही सांगता येत नाही.

दुसरा मोठा नियम चिमट्यांचा. प्रत्येक रिमोट ठरावीक चॅनेलवर चालतो. एकाच चॅनेलवर दोन रिमोट चालू झाले तर वरचं विमान दोघांचंही ऐकत नाही आणि दगडासारखं खाली येतं. म्हणून व्हॅनच्या दारात एक फळी लटकवलेली असे, तिच्यावर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, आणि प्रत्येकावर लाल रंगात चॅनेलचा आकडा. रिमोट चालू करण्याआधी आपल्या आकड्याचा चिमटा काढून कॉलरला लावायचा. चिमटा ज्याच्या कॉलरला, आकाश त्याचं. एकदा सतारवाल्या शौकतभाईंनी चिमटा न घेता नुसतं बटण दाबून बघितलं, तर डॉक्टरांनी त्यांना तिथल्या तिथे मिरजेला परत पाठवलं. "डॉक्टर, विमान जमिनीवर होतं की," शौकतभाई काकुळतीला आले. "आज तुमचं जमिनीवर होतं. उद्या दुसऱ्याचं वर असंल. जावा घरला, बिर्याणी खावा." शौकतभाई गेले. पुढच्या रविवारी आमच्यासाठी बिर्याणी घेऊन आले.

मला तिथं का जावंसं वाटलं, हे सांगायला पाहिजे. माझ्या वडलांचं साताऱ्यात मोती चौकाजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं उचलणारा माणूस. मी लहानपणी त्यांच्या टेबलाशी गेलो की काहीतरी पडायचं, आणि घड्याळातलं पडलेलं काही सापडत नाही. "तुझ्या हाताला धरबंद नाही रे," ते म्हणत, रागावून नव्हे, निदान सांगावं तसं. "तू आपला वाच." मी वाचत गेलो, कारण वाचताना काही पडत-फुटत नाही. पदव्या मिळाल्या, नोकरी लागली, दोन पुस्तकं छापून आली. वडलांनी सगळं ठेवून घेतलं, पण त्यांच्या नजरेतलं निदान बदललं नाही. माझ्या हातानं एकदा तरी काहीतरी अवघड, नाजूक आणि सगळ्यांच्या देखत व्हावं, आणि ते त्यांनी बघावं... चाळिशीच्या माणसानं अशी इच्छा बाळगणं हास्यास्पद आहे हे मला कळत होतं. पण हास्यास्पद इच्छा कळण्यानं जात नाहीत.

नवशिक्याला शिकवायची पद्धत अशी: दोन रिमोट एका वायरनं जोडायचे. एक गुरूच्या हातात, एक शिष्याच्या. गुरूच्या रिमोटवर एक बटण. ते दाबून धरलं की विमान शिष्याचं ऐकतं, सोडलं की गुरूचं. डॉक्टर माझ्या उजव्या खांद्याच्या मागे उभे राहत. बटण दाबताना म्हणत, "दिलं." सोडताना म्हणत, "घेतलं." या दोन शब्दांवर माझे कित्येक रविवार गेले. विमान आपल्यापासून दूर जातं तेव्हा सोपं असतं. आपल्याकडे यायला लागलं की उजवं-डावं उलटं होतं, आणि तिथं माझा मेंदू हात वर करायचा. "उजवं-डावं विसरा सर, जो पंख खाली गेलाय त्याच्या अंगाला दांडी सरकवा." डॉक्टरांना ते सोपं होतं. दिवसभर आरशात बघून उलटे दात कोरणाऱ्याला उलटं काय आणि सुलटं काय. मी वर घिरट्या घालायला शिकलो, वळवायला शिकलो, पण उतरायची वेळ आली की जमीन माझ्याकडे धावत यायची, हात ताठ व्हायचे, आणि मागून शांत आवाज यायचा... "घेतलं." पिवळं विमान लगेच सरळ व्हायचं आणि लेंग्याची घडी मोडू नये अशा बेतानं धावपट्टीवर टेकायचं. एकही लँडिंग त्यांनी मला करू दिलं नव्हतं.

मधेच उंब्रजजवळच्या एका शिक्षणसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाचं आमंत्रण आलं. मैदानावर विमानं उडवून दाखवायची होती. तिथं पोचलो तर निमंत्रणपत्रिकेत छापलेलं: मा. अध्यक्षसाहेब स्वहस्ते विमान उडवून समारंभाचं उद्घाटन करतील. अध्यक्षसाहेबांनी तोवर आयुष्यात फक्त फिती कापल्या होत्या. कांबळे घाबरले, डॉक्टर नाहीत. "उडवतील की," ते म्हणाले आणि मंडपाच्या कनातीमागे बसून एका रिमोटचं मागचं झाकण उघडलं. आत नखाएवढं क्रिस्टल असतं. त्याच्याशिवाय रिमोट म्हणजे दिवा लागणारं खोकं; दांड्या हलतात, काटा हलतो, बाहेर काही जात नाही. डॉक्टरांनी क्रिस्टल चिमटीत धरून बाहेर काढलं. "दात काढला," ते म्हणाले. "आता साहेब कुणालाबी चावणार न्हाईत."

ते दृश्य मी जन्मात विसरणार नाही. पुढे हार घातलेले अध्यक्षसाहेब, छातीशी बोळका रिमोट, एरियल आकाशाकडे. मागे कनातीच्या फटीतून खरा रिमोट चालवणारे डॉक्टर, आणि फट रुंद राहावी म्हणून कापड धरून उभा मी. विमान उठलं, वळलं, मंडपापासून लांब लांबच फिरलं. साहेब उजवीकडे दांडी सरकवत आणि विमान डावीकडे जाई, तरी साहेब ओरडत, "बघा, बघा, कसं ऐकतंय!" उतरल्यावर टाळ्यांचा कडकडाट. साहेबांनी भाषणात सांगितलं, की संस्था चालवणं आणि विमान चालवणं यात फरक नाही. कनातीमागे मी हसून खाली बसलो. परतताना व्हॅनमध्ये मी विचारलं, "डॉक्टर, त्यांना कधीच कळणार नाही?" डॉक्टर रस्त्याकडे बघत म्हणाले, "कशाला कळायला पायजे? विमान उतरलं. पोरंबाळं नीट घरला गेली. साहेब खूश. कुणाचं काय बिघडलं सर?"

हा पुढे माझा हुकमी किस्सा झाला. लग्नात, स्टाफरूममध्ये, व्याख्यानाच्या सुरुवातीला, कुठेही. मी साहेबांचा आवाज काढून दाखवायचो. सगळीकडे हशा पिकायचा. सगळ्यात जास्त कवलापूरला. आमची मंडळी तो किस्सा पुन्हा पुन्हा सांगायला लावत आणि विनोद संपल्यावरही थोडी जास्तच हसत राहत. ते मी माझ्या कथनशैलीचं यश समजत होतो.

मग साताऱ्याला बदली झाली. सांगलीतल्या शेवटच्या रविवारी मी ठरवलं की वायर न लावता उडवायचं, आणि उतरवायचंही. नुसतं ठरवलं नाही, सगळ्यांना सांगितलं. माझे विद्यार्थी आले, शेजारी आले, सामान बांधायला मदत म्हणून वडील साताऱ्याहून आले होते, त्यांना घेऊन गेलो. धावपट्टीच्या कडेनं लोक वर्तमानपत्रं अंथरून बसले. वडलांसाठी डॉक्टरांनी व्हॅनमधली घडीची खुर्ची कडुनिंबाखाली टाकली. डॉक्टर माझ्याजवळ आले. "सर, वायर राहू द्या की आजच्या दिवस. वाऱ्याचा भरवसा न्हाई." मी म्हणालो, "डॉक्टर, आज नाही." त्यांनी बसलेल्या लोकांकडे बघितलं. कडुनिंबाखाली बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "बरं," म्हणाले.

मग त्यांनी क्रिस्टल माझ्या डोळ्यांसमोर धरलं, माझा रिमोट उलटा करून झाकण उघडलं, अंगठ्यानं दाबलं, झाकण लावलं. व्हॅनपाशी जाऊन चिमटा आणला आणि माझ्या कॉलरला लावला, पदक लावावं तसा. "नजर?" "विमानावर." "काय बी झालं तरी?" "काही झालं तरी." ते माझ्या मागे गेले. एंजिनाचा सूर चढला, आणि मागून शब्द आला, "दिलं."

पुढचं मी इतक्या वेळा सांगितलं आहे की आता त्यातला शब्द न् शब्द गुळगुळीत झाला आहे. विमान उठलं. मागून डॉक्टर हलकेच बोलत होते, "डावीकडं... हां... आता सोडा... जरा मागं." मी करत होतो आणि विमान करत होतं. पहिल्यांदाच ते माझ्याकडे येताना माझा मेंदू घाबरला नाही. शेवटचं वळण घेऊन ते वाऱ्यावर आलं, खाली खाली आलं, मी "घेतलं" ऐकू येण्याची वाट बघितली, आणि ते ऐकू आलं नाही. चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली. विमान थांबलं. टाळ्या वाजल्या. डोळ्यांत पाणी येऊन मला काही दिसेना. वडील खुर्चीवरून उठून चालत आले, आणि म्हणाले, "जमलं की रे तुला."

एवढंच. ते फार बोलणारे नव्हते. मग डॉक्टरांकडे गेले, त्यांचा उजवा हात हातात घेतला, उलटा करून बोटं बघितली, घड्याळ बघावं तसं, आणि सोडला. मी समजलो, एक कारागीर दुसऱ्याचे आभार मानतोय. डॉक्टर माझ्या हातातला रिमोट घ्यायला पुढे आले. "द्या, आवरून ठेवतो." मी तो छातीशी घट्ट धरला. "हा मला द्या डॉक्टर. आठवण." सगळे डॉक्टरांकडे बघायला लागले. मला वाटलं, मी फार मोठी वस्तू मागितली. "घ्या की," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले.

वडील दुसऱ्या वर्षी गेले. रिमोट माझ्या साताऱ्याच्या घरी पुस्तकांच्या कपाटावर राहिला, शेजारी कांबळेंनी त्या दिवशी काढलेला फोटो. मी पुन्हा विमान उडवलं नाही. साताऱ्यात सोबत नव्हती हे एक कारण, आणि दुसरं असं, की एकदा तसं उतरवल्यावर पुन्हा पाडायला कशाला जायचं? डॉक्टर अधूनमधून यायचे. चहा होईपर्यंत त्यांचा हात खिशात आणि नजर कपाटावर. "सर, तो रिमोट द्या जरा, सेल बघतो. सेल फुटले की आतनं गंजतंय." मी म्हणायचो, "हात लावायचा नाही. संग्रहालयातली वस्तू आहे." कधी म्हणायचे, "या की एकदा कवलापूरला. वायर लावून उडवू." वायर लावून! मला राग यायचा. शेवटचे आले ते गेल्या उन्हाळ्यात. कपाटासमोर पाठमोरे उभे होते. म्हणाले, "सर, एक सांगायचं होतं." तेवढ्यात शेजारचे गृहस्थ आले आणि त्यांनी अध्यक्षसाहेबांचा किस्सा सांगण्याचा आग्रह धरला. मी सांगितला, आवाजासकट. डॉक्टर हसले. "तुमी सांगता झकास," म्हणाले, आणि शिरवळला कुणाकडे तरी जायचंय म्हणून निघाले. मी दारापर्यंत गेलो. "ते सांगायचं होतं ते?" "ऱ्हाऊ द्या. परत कवातरी."

सांगलीला शोकसभा झाली. तिच्यात डॉक्टरांना आकाशाला गवसणी घालणारा महामानव म्हणण्यात आलं. म्हणणारे कवलापूरला कधी आले नव्हते. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी ठरवलं की शब्दांचे हार घालायचे नाहीत, एकच प्रसंग सांगायचा: या माणसानं धडपड्या हातांच्या एका मास्तरला एकट्यानं विमान उतरवायला कसं शिकवलं. सांगितला. शेवटी वडलांचं वाक्य सांगितलं. सभागृह गहिवरलं. फक्त पहिल्या रांगेत शौकतभाई आपल्या चपला बघत होते आणि कांबळे छताकडे.

सभेनंतर कांबळेंबरोबर डॉक्टरांच्या घरी गेलो. सुनंदावहिनींनी चहा दिला, आत जाऊन एक छोटी स्टीलची डबी आणली. "हे तुमचं आहे भाऊजी. साताऱ्याला निघाले की आठवणीनं खिशात घालायचे आणि तसंच परत आणायचे. म्हणायचे, सरांच्या रिमोटचा दात राहिलाय माझ्याकडं." डबीत कापसावर नखाएवढं क्रिस्टल होतं. वहिनींच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, त्या एक वस्तू पोचती करत होत्या. मी कांबळेंकडे बघितलं. कांबळेंनी कप खाली ठेवला.

बाहेर पायरीवर मी त्यांना गाठलं. "आमाला वाटलं सर, कवातरी तुमाला कळलं असंल," ते म्हणाले. "माणसं किती बसलेली त्या दिवशी. डॉक्टर म्हणाले, सर आज कुणाच्या तरी अंगावर घालणार. आन् न्हाई म्हणावं तर त्यांचे वडील बसलेत." मी विचारलं, "सगळ्यांना माहीत होतं?" "तिथंच होतो की आमी सगळे. तुमची नजर विमानावर होती." बरोबर. काय बी झालं तरी. मला शिकवलेला सगळ्यांत मोठा नियम माझ्यावरच वापरला होता, आणि मी तो इतका चोख पाळला की माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर काय चाललंय ते मला दिसलं नाही. मी शेवटचं शस्त्र काढलं. "आणि चिमटा? तो माझ्या कॉलरला होता. शौकतभाईंना घरी पाठवणारा माणूस चिमट्याशिवाय रिमोट चालू करतो?" कांबळेंनी फार वाईट वाटून माझ्याकडे बघितलं. "न्हाई सर. आकड्याचा चिमटा डॉक्टरांच्याच कॉलरला होता. तुमाला लावला तो वहिनींच्या दोरीवरचा."

साताऱ्याला परतताना एसटीत मी सगळं उलटं मोजत आलो. कनात आठवली, फट आठवली. विमान अध्यक्षसाहेबांचं ऐकत नव्हतं तरी त्यांना ऐकतंय असं वाटत होतं, ते आठवलं. किस्सा संपल्यावरचं जास्तीचं हसू आता नीट ऐकू आलं. पण ते मी सोसलं असतं. हसणाऱ्यावर हसणं हा न्याय झाला. सोसत नाही ते दुसरंच. माझ्या वडलांनी आयुष्यात एकदा मला "जमलं" म्हटलं, ते डॉक्टरांच्या बोटांना म्हटलं गेलं. एका म्हाताऱ्या माणसाला त्यांनी खोट्या नाण्यावर खूश करून साताऱ्याला पाठवलं, आणि तो ते नाणं खरं समजून गेला. मला सांगायचं होतं म्हणे. क्रिस्टल खिशात घालून इतक्या खेपा करणाऱ्या माणसाला एक वाक्य जड झालं? गुपचूप दात बसवून गोष्ट मिटवायची होती, सांगायची नव्हती. हातात पक्कड लपवून "नुसतं बघतो" म्हणणारा माणूस शेवटपर्यंत तेच करत राहिला. हो, कुणाचं काही बिघडलं नाही. विमान उतरलं, पोरंबाळं घरी गेली. मान्य. पण डॉक्टर, "दिलं" म्हणाला होतात ना?

घरी आल्यावर रिमोट खाली काढला, झाकण उघडलं. खाच रिकामी. क्रिस्टल मी बसवलेलं नाही. ते डबीतच आहे, रिमोटशेजारी.

या पुरवणीच्या संपादकांनी लेखासोबत छापायला डॉक्टरांचा फोटो मागितला. हार घातलेले पुष्कळ मिळाले असते. मी माझ्या कपाटावरचा तो फोटो उतरवून पाठवायला घेतला, आणि पाठवण्याआधी पहिल्यांदाच तो नीट बघितला. कांबळेंना फोटो काढता येत नाहीत असं मी इतकी वर्षं म्हणत आलो, कारण त्यात डॉक्टर कापले गेले आहेत. संपादकांना विनंती आहे, की कडा आणखी कापू नयेत. मधोमध, छातीशी रिमोट धरून आकाशाकडे बघणारा गृहस्थ मी आहे. कॉलरला चिमटा दिसतोय, त्याच्यावर आकडा नाही. डाव्या कडेला चौकटीत जेमतेम मावलेलं, काटकोनात वाकलेलं एक कोपर आहे. ते डॉ. भूपाल खोत. विमान ते उडवताहेत. मागे, कडुनिंबाखाली घडीच्या खुर्चीवर माझे वडील. त्यांच्या आजूबाजूचे सगळे वर बघताहेत. माझे वडील त्या कोपराकडे बघताहेत.